सुईची मिळकत

वाटणीच्या याद्या वाचणे हा वकिली व्यवसायातील एक नीरस उद्योग समजला जातो, आणि तो समज बहुतांशी खरा आहे. इतके गुंठे जमीन, इतक्या खणांचे घर, तांब्याचा बंब, पितळेच्या समया, देवघरातील टाक. नावे बदलली की एका घराची यादी दुसऱ्या घरास लागू पडावी, इतक्या त्या एकमेकींसारख्या असतात. तथापि काही वर्षांपूर्वी बेळगाव जिल्ह्यातील एका कुटुंबाची यादी आम्हांसमोर आली आणि तिच्या शेवटच्या पानावरील एका ओळीने आम्हांस बराच काळ विचार करावयास लावले. ती ओळ अशी होती : शिवणाचे यंत्र, पायाचे, जुने, नग १. तिच्यापुढील मूल्याचा रकाना रिकामा होता.

त्या घरातील माउली वर्षभरापूर्वी निवर्तली होती. वडील त्याआधीच गेले होते. मागे दोन भाऊ आणि एक बहीण. थोरल्या बंधूंचे म्हणणे असे, की यंत्र वडिलांच्या हयातीत घरात आले, सबब ते वडिलांच्या मिळकतीत धरावे. धाकट्यांचे म्हणणे, ते सामायिक घरातील सामान आहे आणि आता भंगारात घालण्याच्या योग्यतेचे आहे. त्यापायी कागद कशाला वाढवायचा? बहीण एवढेच म्हणाली, "वकीलसाहेब, ते आईचं होतं. तिनं शिलाईतून घेतलं. तसं लिहा." असे म्हणून तिने यंत्राच्या खणात सापडलेली एक वही आमच्यापुढे ठेवली. तीत पेन्सिलीने मांडलेल्या नोंदी होत्या : दोन चोळ्या, एक परकर, बाळंतविड्याचे एक कुंची-टोपडे, बाजाराच्या चार पिशव्या, पुढे रक्कम, आणि रक्कम पोचली की तिच्यावर एक बारीक रेघ.

यातील चमत्कारिक भाग असा, की कायद्याच्या हिशेबाने कोणाचेही म्हणणे मान्य केले तरी उत्तर एकच येत होते. यंत्र वडिलांचे स्वार्जित ठरले तरी तिघांस सारखा वाटा. आईचे ठरले तरी तिघांस सारखा वाटा. आणि एकत्र कुटुंबाचे ठरले तरी २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी मुलाच्या बरोबरीची सहदायाद झालेली असल्यामुळे तिघांस सारखाच वाटा. म्हणजे त्या बहिणीस पैशाचा लाभ काहीच नव्हता. तिला हवे होते ते रकान्यात आईचे नाव. एका जुन्या यंत्रावर नाव घालण्यासाठी एवढा आग्रह का असावा, याचा शोध घेता घेता आम्ही सुईच्या इतिहासात शिरलो. तेथे जे आढळले ते वाचकांपुढे ठेवावे, हा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम एका जुन्या गैरसमजाचा निकाल लावला पाहिजे. शिवण ही आपल्याकडे परक्यांनी आणलेली विद्या होय, हिंदू मनुष्य पूर्वी केवळ न शिवलेले वस्त्र गुंडाळीत असे, असे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे फ्रान्सिस बुकॅनन यांच्यासारखे इंग्रज निरीक्षक लिहून गेले, आणि पुढे आपल्यातील सुशिक्षितांनीही ते प्रमाण मानले. वस्तुतः सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत तांब्याच्या व कांस्याच्या सुया सापडलेल्या आहेत. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील बत्तिसाव्या सूक्तात राका या पौर्णिमेच्या देवतेची प्रार्थना आहे. न तुटणाऱ्या सुईने तिने आपले कर्म शिवावे आणि पराक्रमी पुत्र द्यावा, अशी तीत मागणी आहे. ज्या समाजाने आपल्या देवतेच्या हाती सुई दिली, त्या समाजास शिवण ठाऊक नव्हते असे म्हणणे पुराव्यास धरून होणार नाही. अमरकोशात शिंप्यास तुन्नवाय आणि सौचिक अशी दोन नावे आहेत. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत सुईकामाची गणना आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर शिवलेल्या चोळ्या आणि अंगरखे ल्यालेली माणसे आजही दिसतात. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय वेषभूषेवर स्वतंत्र ग्रंथ लिहून शिल्पांतील आणि वाङ्मयातील अशी सामग्री एकत्र केली. जिज्ञासूंनी तो पाहावा.

शब्दांची साक्षही हेच सांगते, आणि साक्षीदार म्हणून शब्द सहसा फितूर होत नाहीत. सुई हा शब्द सूचीपासून आला, शिवणे हे संस्कृत सीव् धातूपासून आले, कातर ही कर्तरीची लेक. ही मुळाची अवजारे आणि मुळाची क्रिया. त्यांवर जे संस्कार नंतर झाले त्यांची नावे मात्र बाहेरून आली. अस्तर आणि रफू फारसीने दिले. गुंडी अडकविण्याचे काज पोर्तुगीजांच्या घरवाचक शब्दापासून आले. बटणाचे घर ते काज, ही कल्पना मोठी समर्पक आहे. गोव्यातील आमच्या कोंकणी भगिनी आजही बटणास बुतांव आणि टाचणीस अल्फिनेत म्हणतात, तेही त्याच वाटेने आलेले. घराचे जोते आपले आणि खिडक्यादारे नंतर बसविलेली, असेच हे आहे.

आता प्रश्न असा, की इतकी प्राचीन विद्या असताना तिच्याविषयी आपल्या धर्मजीवनात दुजाभाव का दिसतो? सोवळ्यात शिवलेले वस्त्र चालत नाही, हे आपल्या देवस्थानांशी संबंध असलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. पूजेस बसताना धूतवस्त्र हवे आणि ते अखंड हवे. परंतु त्याच पूजेच्या सामानाकडे डोळे उघडून पाहिले तर काय दिसते? जपाची माळ ज्या पिशवीत हात घालून ओढावयाची ती गोमुखी शिवलेली असते. देवाची आंगडी शिवलेली, पालखीवरील चांदवा शिवलेला, पताका आणि निशाणे शिवलेली. भिक्षेची झोळी आणि वारकऱ्याची पडशी हीही सुईचीच लेकरे. गोमुखीचा आकार क्षणभर आठवून पाहावा : गाईच्या मुखासारखा वाकविलेला कोपरा, तर्जनी बाहेर राहील अशी बेताने ठेवलेली वाट, आत माळ सरकेल एवढी मोकळीक. कापड बेतण्याचे हे ज्ञान साधे नाही. घरातील एखाद्या आजीने जरीच्या जुन्या काठातून ती शिवून दिलेली असे, आणि त्याबद्दल तिने कधी कोणाकडे काही मागितलेले नसे.

या शेवटच्या वाक्यातच आम्हांस या इतिहासाची किल्ली सापडते. सुई जोवर काही मागत नाही तोवर तिचा मान आहे; ती मोबदला मागू लागली की तिची पायरी उतरते. ज्या परंपरेने सूचीकर्मास कला म्हटले, त्याच परंपरेतील मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात, ज्यांचे अन्न घेऊ नये अशा लोकांच्या यादीत तुन्नवाय, म्हणजे शिंपी, बसविलेला आहे; आणि बसविलेला आहे तो नट आणि कृतघ्न यांच्या पंक्तीस. घरातील सुई ही कला, आणि दारी दुकान मांडून बसलेली सुई हे हीनकर्म, असा हा भेद आहे.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेने या भेदास जे उत्तर दिले ते सर्वांस ज्ञात आहे. नामदेव महाराज जातीने आणि वंशपरंपरागत व्यवसायाने शिंपी. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची जी पदे समाविष्ट आहेत, त्यांतील एकात त्यांनी आपल्या धंद्याचा गज, कातर, सुई आणि दोरा हेच भक्तीचे साहित्य केले आहे. धंदा टाकून देव गाठावा असे त्यांनी म्हटले नाही. धंद्याच्या अवजारांनिशी ते देवापुढे गेले. आज पंढरीस विठ्ठलाच्या महाद्वारी जी पहिली पायरी भाविक ओलांडतो ती नामदेवांची. ज्याच्या घरचे अन्न नको म्हटले होते, त्याच्या पायरीस हात लावल्यावाचून देवळात प्रवेश नाही.

परंतु नामदेव झाले तरी ते पुरुष. घरात बसून शिवणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे काय झाले हे पाहावयाचे तर देवळाच्या पायरीवरून उतरून माजघरात गेले पाहिजे.

माजघरातील शिवणकाम तीन प्रकारचे असे. पहिले जुन्याचे नवे करण्याचे. विटलेली लुगडी आणि धोतरे यांचे थर एकावर एक घालून, चारी कडा दुमडून, धावदोऱ्याने त्यांची गोधडी अथवा वाकळ करावयाची. गोधडीत काही वाया जात नसे. आजीचे लुगडे वर, वडिलांचे धोतर आत, फाटक्या परकराच्या पट्ट्या कडेला. थंडीच्या रात्री सगळे घर मिळून त्या एका पोराच्या अंगावर पांघरूण घाली. याच विद्येचे एक लक्षणीय रूप गोव्यालगतच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत दिसते. तेथील सिद्दी स्त्रिया, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि ज्यांच्या घरात कोंकणी बोलली जाते, त्या जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. एका कोपऱ्यापासून आरंभ करून, कडेकडेने आत सरकत, मध्यभागी शिवण संपवावयाचे; आणि चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुला लावावयाची. फुला नसेल तर कवंदी उघडी राहिली, असे त्या मानतात. सुईचा धर्म जातीपातीच्या आणि समुद्राच्याही पलीकडचा आहे, हे यावरून दिसते.

दुसरे काम अंगावरच्या वस्त्रांचे. त्यात मुख्य चोळी आणि तान्ह्या मुलाची अंगडी-टोपडी. आपल्याकडे ओटीत खण घालतात. खण म्हणजे एका चोळीस पुरेल एवढे कापड. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड हे या खणांचे जुने माहेर, आणि तेथील काठाचे खण बेळगावपासून कोल्हापूर-पुण्यापर्यंतच्या पेट्यांत दरवळत असत. खण हा वस्तूपेक्षा कच्चा माल म्हणावा. देणारीने कापड द्यावे आणि घेणारीने त्यास आकार द्यावा, असा त्या दानात एक अलिखित करार आहे. कागदी नमुने नव्हते. जुनी चोळी उसवून तिचे तुकडे नव्या खणावर मांडीत, काठ बाहीवर येईल असे बेतीत, आणि उरलेल्या चिंध्यांनाही काम सापडे. बाळाची कुंची याच हाताने होई. डोके झाकून पाठीवर उतरणारी, कानावर वारा न लागू देणारी. पहिले अंगडे मात्र मुद्दाम जुन्या, मऊ झालेल्या धोतराचे शिवीत, कारण नवे कापड कोवळ्या अंगास टोचते.

तिसरे काम पिशव्यांचे. पैशांचा आणि औषधांचा नाडीचा बटवा, पान-सुपारी-चुन्यासाठी वेगवेगळे कप्पे असलेली चंची, वाणसामानाच्या पिशव्या, आणि वर सांगितलेली गोमुखी. चोळीतून उरलेल्या तुकड्यांचे बटवे होत, लुगड्याच्या काठांच्या चंच्या होत. तिन्हीसांजेला सुई उसनी देऊ नये, असा संकेत घरोघर पाळला जाई. त्यामागे काय समजूत होती ते असो. परंतु ज्या घरात एकच सुई असे त्या घरात ती हरवणे परवडण्याजोगे नव्हते, हे तर उघडच आहे.

या सर्व कामाचा मोबदला काय आणि तो कोणाचा? येथे आम्ही आमच्या प्रांतात येतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाचे एक प्रकरण आहे. ते सूतकताईविषयी आहे, शिवणाविषयी नव्हे. तरी घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रियांविषयी इतका बारकाईचा विचार जुन्या वाङ्मयात क्वचितच आढळतो. ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहीत, ज्यांचे पती परदेशी आहेत, ज्या विधवा आहेत, त्यांस दासीमार्फत घरपोच काम द्यावे. ज्या स्वतः सूत घेऊन येतील त्यांच्याशी पहाटे व्यवहार उरकावा. दिवा सूत पारखण्यापुरताच असावा. अधिकारी स्त्रीच्या मुखाकडे पाहील अथवा कामावाचून इतर बोलेल तर त्यास दंड. आणि वेतन देण्यास विलंब करील तर त्याहून अधिक दंड. मजुरी वेळेवर न देणे हा नजरेच्या आगळिकीहून मोठा अपराध, असे त्या राजनीतिज्ञाने मानले. घरकामाच्या मजुरीसाठी आजही ज्यांस महिनोन्महिने वाट पाहावी लागते, त्या भगिनींस हे कलम ऐकून समाधान वाटेल.

परंतु मजुरी तिच्या हातावर पडली म्हणजे ती तिची झाली काय? धर्मशास्त्राचे उत्तर येथे नागमोडी होते. बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा लिहिली. त्यांनी स्त्रीधन या शब्दाचा अर्थ फार उदार केला. वारसा, खरेदी, वाटणी अशा कोणत्याही मार्गाने स्त्रीस मिळालेले ते स्त्रीधन, असे त्यांनी म्हटले. उलट कात्यायनाचे एक वचन असे होते, की स्त्रीने शिल्पाने, म्हणजे हातच्या कारागिरीने मिळविलेल्या धनावर पतीचे स्वामित्व असते. या दोन टोकांमधून पुढे जो मार्ग निघाला तो असा : कुमारिकेने अथवा विधवेने कष्टाने मिळविले ते तिचे, सधवेने मिळविले तेही आपल्या दक्षिणेकडील व पश्चिमेकडील परंपरेत स्त्रीधन म्हणावयाचे, परंतु ते असौदायिक, म्हणजे पतीच्या हयातीत त्याच्या संमतीवाचून तिला ते खर्चिता येणार नाही. माहेरून किंवा आप्तांकडून प्रेमाने आलेले ते मात्र सौदायिक. त्यावर तिची पूर्ण सत्ता.

याचा व्यवहारातील अर्थ वाचकांनी लक्षात घ्यावा. भाऊबीजेस भावाने ओवाळणीत खण घातला, तर तो खण सर्वस्वी तिचा. परंतु शेजारणीच्या तसल्याच खणाची चोळी शिवून तिने दोन आणे मिळविले, तर ते दोन आणे खर्चण्यास नवऱ्याचा होकार हवा. तिला मिळालेल्या दानास संरक्षण होते. तिच्या श्रमास नव्हते. शास्त्रकारांनी हे दुष्टपणाने केले असे आम्ही म्हणत नाही. घराचा कारभार एकाच हाती असावा असा त्यांचा हेतू असेल. परंतु परिणाम असा झाला, की ज्या धनात तिचा घाम होता तेच धन तिच्यापासून सर्वांत दूर राहिले.

इंग्रजी अमदानीतही हे अंतर लवकर मिटले नाही. १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला आणि पत्नीची मजुरी व कमाई ही तिची स्वतंत्र मालमत्ता ठरली. परंतु हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन स्त्रिया त्या कलमातून वगळल्या होत्या. एकाच गावात एकाच यंत्रावर शिवणाऱ्या दोन स्त्रियांपैकी ख्रिस्ती स्त्रीची शिलाई तिची स्वतःची, आणि हिंदू स्त्रीची शिलाई पतीच्या अधिकाराखालची, अशी स्थिती ८२ वर्षे राहिली.

दरम्यान शिवणाचे यंत्र आले. अमेरिकेत इलायस हाऊ यांनी १८४६ साली आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली आपापली एकस्वे घेतली. त्यांच्यात न्यायालयात झगडे झाले आणि सिंगरला हाऊंस स्वामित्वशुल्क द्यावे लागले. हप्त्याने विक्री करण्याची जी पद्धत सिंगर कंपनीने काढली, तिच्यामुळे हे यंत्र सामान्य घरात शिरले. एकोणिसाव्या शतक संपण्यापूर्वी ते हिंदुस्थानच्या शहरांत पोचले होते. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला. पत्नीचे कष्ट पाहून एका पुरुषाने प्रेमापोटी ते निर्माण केले, असे ते म्हणाले. एकस्वांच्या कज्ज्यांचा इतिहास पाहता त्या निर्मितीत प्रेमाइतकाच व्यापारही होता, हे मान्य करावे लागते. परंतु गांधीजींना जे दिसले ते खोटे नव्हते : हे यंत्र माणसास कारखान्यात ओढून नेत नाही, ते माणसाच्या घरी येते. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा यंत्रे काढली आणि ते घरी येणे स्वदेशीही झाले.

यंत्राच्या जोडीस शाळा आल्या. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनात रमाबाई रानडे यांच्या देखरेखीखाली गरजू स्त्रियांस शिवणकाम शिकविले जाऊ लागले. बडोद्यास महाराणी चिमणाबाईंच्या नावाचे स्त्री उद्योगालय निघाले. विधवेस स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून उठवून चार पैसे मिळविण्याचा सन्माननीय मार्ग दाखवावयाचा, तर त्या काळच्या समाजास सहन होईल असा मार्ग सुईचाच होता. कारण सुई घरातली, ओळखीची. संसाराला हातभार म्हणून आत आलेल्या त्या विद्येने किती घरे तारली, याची मोजदाद कोठेही नाही. कारण ती कमाई हातभार या नावाने घरखर्चात मुरली आणि तिच्या स्वतंत्र नोंदी झाल्या नाहीत.

अखेर १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला. त्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू स्त्रीजवळील मालमत्ता तिची पूर्ण मालकीची ठरविली, आणि त्या मालमत्तेचे प्रकार सांगताना स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने अथवा परिश्रमाने मिळविलेल्या मालमत्तेचा स्पष्ट निर्देश केला. कात्यायनाच्या त्या वचनास मिळालेले हे उत्तर होय. शिल्पाने मिळविलेले धन शतकानुशतके जेथून वगळले होते, तेथेच ते नाव घेऊन बसविले गेले.

गोव्यातील वाचकांचा हिशेब थोडा निराळा आहे. तेथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि हिंदूंच्या रूढींविषयी १६ डिसेंबर १८८० चा हुकूमनामा यांचा वारसा चालत आला. १९६१ च्या मुक्तीनंतरही कुटुंबविषयक कायद्याची ती चौकट कायम राहिली, आणि १९५६ चा कायदा तेथे लागू झाला नाही. वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता एकत्र होते आणि तीत दोघांचा निम्मा निम्मा हक्क असतो. म्हणजे गोव्यातील गृहिणीची शिलाई एकटीची नव्हे. परंतु पतीच्या पगाराचाही अर्धा भाग तिचा. कारभार मात्र परंपरेने पतीच्या हाती. कोणती पद्धत बरी, यावर विद्वानांचा वाद आहे. आमच्या मते दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे : हक्क कागदावर असतो, आणि कागदावर आकडा कोणीतरी लिहावा लागतो.

येथे कायद्याची आणखी एक तरतूद सांगण्यासारखी आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमान्वये ऋणकोच्या कुटुंबाचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण सावकारास जप्त करता येत नाही. कारागिराची हत्यारेही नाहीत. म्हणजे घर बुडाले तरी गोधडी राहते. बाजारात जिला किंमत नाही ती वस्तू कायद्याने अस्पर्श्य मानली, यात एक प्रकारचा न्याय आहे. परंतु घरात शिवणाऱ्या बाईचे यंत्र हे घरसामान की कारागिराचे हत्यार? याचे उत्तर ती बाई कारागीर मानली जाते की नाही यावर अवलंबून आहे. सर्व इतिहासाचा गुंता याच एका प्रश्नात येऊन थांबतो.

आज घरी शिवण्याचे दिवस मागे पडले असे पुष्कळांस वाटते. चोळी शिंप्याकडे गेली, तयार कपडे आले, बटव्याची जागा पाकिटाने घेतली. परंतु पिशवी परत आली आहे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तू देशभर निषिद्ध झाल्या, आणि जुन्या साडीची पिशवी बाजारात पुन्हा दिसू लागली. ती पिशवी शिवणारे हात बहुधा घरातलेच असतात. आपल्या देवस्थानांच्या उत्सवांत प्रसादासाठी आणि ओटीच्या सामानासाठी अशा पिशव्या लागतात. त्या घेताना सेवा म्हणून फुकट मागू नयेत, एवढीच आमची विनंती आहे. सेवा करावयाची तर ती आपल्या खुशीने करील. आधी शिलाई द्यावी.

आता त्या यादीविषयी. आम्ही वही तिन्ही भावंडांसमोर उघडली आणि एक एक पान वाचून दाखविले. वहीच्या मध्यावर एका पानात हप्त्यांचे आकडे होते. शेवटच्या हप्त्याखाली तीच बारीक रेघ, आणि तिच्याखाली, कोणासाठी लिहिले कोणास ठाऊक, "यंत्र आपले झाले" एवढे तीन शब्द. थोरले बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या मॅट्रिकच्या फीच्या महिन्यात हिच्यात तीन पानं भरली आहेत." धाकट्यांनी वही हातात घेतली ती परत करावयास विलंब लावला. यंत्राचा हक्क दोघांनी बहिणीच्या लाभात सोडून दिला.

यादी आम्ही नव्याने लिहिली. शिवणाचे यंत्र, पायाचे, नग १. त्यापुढील रकान्यात त्या माउलीचे पूर्ण नाव आणि स्वकष्टार्जित हा शब्द. जुने हा शब्द बहिणीने काढावयास सांगितला. यंत्र अजून चालत होते.